आधी गाव, मग नाव, मग गाणं

अंबाजोगाईच्या एका तरुणानं विचारलं आहे: मराठवाड्यातल्या लोककलावंतांचं संगीत ऐकवणारा ऑनलाइन रेडिओ सुरू करायचा आहे. गाणी गोळा करून लावली की झालं, इतकं ते सोपं नसणार. मग नेमकं काय करावं लागतं? आणि त्यातून कलावंताच्या पदरात खरंच काही पडतं का?

परभणीत गेली नऊ वर्षं मी असाच एक रेडिओ चालवतो. त्याआधी बरीच वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होतो. तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पहिल्या वर्षी आम्ही तिघा मित्रांनी यात्रेत विकत मिळणाऱ्या पेनड्राइव्हवरची आणि मोबाइलवर फिरणारी गाणी जमवली आणि चोवीस तास लावली. ऐकणारेही मिळाले. चौथ्या-पाचव्या महिन्यात मानवतकडच्या एका खेड्यात लग्नाच्या गोंधळाला गेलो होतो. गोंधळ्यांचा म्होरक्या साठीचा. कुणीतरी माझी ओळख करून दिली, तसा तो मला बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला, "मह्यं गाणं लावायलात तुम्ही. मह्या पोराच्या मोबाइलवर ऐकलं मी. पण नाव कामून सांगत नाहीत?" मी घरी येऊन यादी काढली. त्याच्या गाण्यापुढे आम्ही लिहिलं होतं 'पारंपरिक'. यादीतल्या दोनशेच्या वर गाण्यांपुढे तोच एक शब्द होता.

गाणं पारंपरिक असेल, गळा पारंपरिक नसतो. तो एका माणसाचा असतो. त्याला गाव असतं, गुरू असतो, दुखरा गुडघा असतो आणि घरी शेतीचं काम पडलेलं असतं. त्या रात्री आम्ही ती सगळी गाणी उतरवली. पुढचे दोन महिने रेडिओवर फार थोडं वाजलं, कारण ज्याचं नाव-गाव सापडलं तेवढंच लावायचं ठरलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे: आधी गाव, मग नाव, मग साथीदारांची नावं, आणि नंतर गाणं.

गाव आधी का, तर आपल्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न 'कोणत्या गावचे?' हाच असतो. गंगाखेड तालुक्यातल्या एखाद्या गावाचं नाव कानावर पडलं, की त्या गावची पुण्यात, रांजणगावात, चाकणला कामाला असलेली पोरं कान टवकारतात. त्यातलं कुणीतरी गावाकडे फोन लावतं, 'अरे, आपल्या मावशीचं गाणं लागलंय' म्हणून. कलावंताला मिळणारं पहिलं फळ हेच. देवीची परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या ज्या बाईला गावानं 'ती परडीवाली' एवढंच म्हटलं, तेच गाव तिला तिच्या नावानं हाक मारायला लागतं.

निवेदन कसं असावं, याचा एक नमुना देतो. "आता ऐकू या जिंतूर तालुक्यातल्या एका आराधी मंडळाचं गाणं," इथे थांबू नका. मुख्य गळा कुणाचा, ती बाई कितव्या वर्षापासून आईसोबत परडी घेऊन जायला लागली, झांज तिच्या जावेच्या हातात आहे आणि तुणतुणं पुतण्याच्या, गाणं सासूकडून आलं पण शेवटचं कडवं तिनं स्वतः जोडलं, हे सगळं चाळीस-पन्नास सेकंदांत सांगता येतं. त्यासाठी आधी तिच्यासोबत दोन तास बसावं लागतं. रेडिओचं खरं काम या दोन तासांचं आहे. बाकीचं यंत्र करतं.

आता मराठवाड्याचं गाणं म्हणजे काय, यावर थोडं. नकाशावर आठ जिल्हे दिसतात, पण एकाच पोत्यात भरावं असं हे संगीत नाही. साडेतीन शक्तिपीठांतली दोन पूर्ण पीठं आपल्याकडे, तुळजापूर आणि माहूर. त्यामुळे गोंधळ, आराधी, संबळ आणि तुणतुणं सगळीकडे ऐकू येतं; तरी धाराशिवकडच्या आराधी गाण्याची चाल आणि नांदेडकडची चाल सारखी नाही. पैठण हे एकनाथांचं गाव. नाथांचं भारूड चारशे वर्षांनंतरही गावोगावच्या सप्त्यांत उभं राहतं. खुलताबादच्या आणि कंधारच्या दर्ग्यांत कव्वाली आहे, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरबाणीचं कीर्तन आहे. बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी नावाची गाणी गातात, त्यांची भाषा गोरबोली. आंबेडकरी जलशातून आणि भीमगीतांतून आलेला गळा वेगळाच. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात आणि त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या त्या मोबाइलवरच्या चित्रफितीतून. ते पाहून मला पटलं, की आपल्या माणसांना मोठा स्टुडिओ नसला तरी चालतो, वाट मोकळी असावी लागते.

हा भाग 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे रेडिओ चालवणाऱ्यानं विसरू नये. आपल्या गाण्यात दखनी उर्दू मिसळलेली आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंगा-उमरग्याकडे कन्नड. सुरुवातीला आम्ही 'फक्त मराठी गाणी' असं ठरवलं होतं आणि ती चूक होती. मराठवाड्याचा रेडिओ म्हणवून घ्यायचं असेल, तर खुलताबादचा कव्वाल आणि किनवटच्या तांड्यावरची नायकण त्यात असायलाच हवी.

शास्त्रीय संगीतही सोडू नका. पंडित नाथराव नेरळकर मूळचे नांदेडचे, आणि त्यांनी इथे शिष्यांची पिढी घडवली. ते 2021 मध्ये गेले. सिल्लोड तालुक्यातले भारूडकार निरंजन भाकरेही त्याच वर्षी कोरोनात गेले. त्या एका वर्षात आम्ही भेटायचं ठरवलेली आणखी अकरा माणसं गेली. त्यांतल्या चौघांचा आवाज आमच्याकडे एका मिनिटाचासुद्धा नाही. म्हणून रेकॉर्डिंगला कुणाकडे आधी जायचं, याचा निकष मी वय हाच ठेवलाय. गळा थकलेला असला तरी आधी म्हाताऱ्या माणसाकडे जायचं. तरुण गायक पुढच्या वर्षीही भेटेल.

या कामात आपल्याला वाट दाखवणारे आहेत. परभणीच्या आकाशवाणी केंद्रानं 1968 पासून इथल्या कलावंतांना माइकपुढे आणलं. राजाराम बापू कदम यांच्यासारख्या परभणीच्या गोंधळ्यानं ही कला मोठ्या मंचांवर नेली. लोकसाहित्याचे अभ्यासक डॉ. प्रभाकर मांडे यांनी गोळा केलेलं आणि लिहिलेलं वाचल्याशिवाय निवेदन लिहायला बसू नका. जात्यावरच्या ओव्यांचं काम तर डोळ्यांपुढे ठेवावं असं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सुरू केलेल्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया आज त्या लोकांपर्यंत पोहोचवतं. तिथे ओवीबरोबर बाईचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. मी आमच्या नोंदवहीचे रकाने तसेच पाडले.

रेकॉर्डिंगबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

कलावंताला शहरातल्या स्टुडिओत बोलावू नका. आम्ही दोन मंडळांना बोलावलं होतं. काचेमागच्या माणसाकडे बघून ती माणसं अवघडली, गाणी तोकडी झाली. त्यांच्या गावात, त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या वेळेला गेलो, तेव्हा तीच माणसं तीन-तीन तास गात बसली. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतीवर वाकळा टांगाव्यात आणि खाली सतरंजी अंथरावी. पंखा, कूलर, फ्रीज बंद करायला सांगायला लाजू नका. शेजारच्या देवळात भोंगा किती वाजता लागतो ते आधी विचारा. मोटारीला लाइट कधी येते तेही विचारा, म्हणजे ऐन रंगात आलेलं गाणं पंपाच्या घरघरीत बुडणार नाही.

संबळ हे अवघड वाद्य आहे. दोन तोंडांतलं एक टिपेचं, एक खर्जाचं, आणि वाकड्या काठीचा घाव जवळच्या माइकला सोसत नाही. आवाज फाटला की नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं तो जोडता येत नाही. आम्ही मुख्य गायकापुढे वीतभर अंतरावर एक माइक ठेवतो आणि संबळवाल्याला पाच-सहा फूट मागे, थोडा तिरपा उभा करतो. रेकॉर्डर 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झवर, पातळी अशी की सगळ्यात मोठा घावसुद्धा उणे 12 डेसिबलच्या वर जाणार नाही. हलगीवाला वाजवण्याआधी जाळावर हलगी तापवतो. थोड्या वेळानं कातडं सैल पडतं आणि नाद उतरतो. त्याला दर दोन गाण्यांमागे पुन्हा तापवायला वेळ द्या, घाई करू नका. तो जाळाजवळ बसून जे बोलतो, ते बहुतेक वेळा गाण्याइतकंच मोलाचं असतं, म्हणून रेकॉर्डर चालूच ठेवा; फक्त तो चालू आहे हे त्याला सांगून ठेवा.

ओव्यांची गोष्ट आणखी निराळी. म्हाताऱ्या बाईला 'मावशी, ओव्या म्हणा' असं म्हटलं, की ती म्हणते, 'आता कुठल्या आठवतात लेकरा.' आणि ते खरंच असतं. तिच्या ओव्या डोक्यात कमी आणि हातात जास्त असतात. जातं मांडा, मूठभर ज्वारी टाका, शेजारीण समोर बसवा. खुंट्याला हात लागला, की पाचव्या-सहाव्या फेऱ्याला ओवी येते आणि मग थांबत नाही. पाथरीकडच्या एका आजींनी 'काही येत नाही' म्हणता म्हणता एका सकाळी सत्तर ओव्या म्हटल्या. जात्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या. ती काढून टाकली तर ओवीचा ताल जातो.

कलावंत स्वतः एक गोष्ट मागतील: 'इको टाका.' मंचावरच्या साउंडवाल्यांनी ती सवय लावली आहे. मी नम्रपणे नाही म्हणतो आणि हेडफोनवर त्यांना त्यांचा साधा आवाज ऐकवतो. बहुतेकांना तो आवडतो. एका वाघ्यानं तर हेडफोन काढलाच नाही, म्हणाला, 'चाळीस वर्षं गायलो, पण स्वतःला आज ऐकलं.'

आता हे श्रोत्यांपुढे कसं मांडायचं. गोंधळ रात्रभराचा असतो. गणाला, देवीला, ठिकठिकाणच्या दैवतांना आवाहन, मग पूर्वरंग, मग आख्यान, शेवटी आरती आणि दिवटी. हे सगळं तासाभरात कोंबलं की त्याचा चुरा होतो. आम्ही एकाच मंडळाचा एकाच रात्रीचा पूर्ण गोंधळ रेकॉर्ड केला आणि नवरात्रात नऊ रात्री, रोज पाऊण तास, ओळीनं लावला. पहिल्या रात्री फक्त आवाहन. मंडळाच्या म्होरक्यानं अट घातली होती, की आवाहन मध्येच तोडायचं नाही आणि त्यात जाहिरात घालायची नाही, कारण बोलावलेल्या देवाला दारात उभं करता येत नाही. आम्ही ती अट पाळली आणि निवेदनात श्रोत्यांना सांगितलीही. त्या वर्षीचा आमचा सर्वांत जास्त ऐकलेला कार्यक्रम तोच ठरला. काही गाणी विधीची असतात, विशिष्ट वेळेची असतात. ती कधी लावू नयेत हे ज्याचं गाणं त्यालाच विचारा.

गाण्याचा अर्थ सांगायचा असेल तर गाण्यानंतर सांगा. आधी अर्थ सांगितला की ऐकणारा तो अर्थच शोधत बसतो, चाल त्याच्या कानावरून निघून जाते. भारूडाच्या बाबतीत तर रूपक आधी फोडणं म्हणजे सोंग चढण्याआधीच उतरवणं.

आणि बोली. आमच्याकडे येणारी पत्रकारितेची मुलं-मुली निवेदन लिहिताना कलावंताचं 'मह्यं' बदलून 'माझं' करायची, 'कामून'चं 'का' करायची. चांगल्या मनानंच करायची. मी ते थांबवलं. बाई जशी बोलली तसंच लागलं पाहिजे. ज्या बोलीत ते गाणं जन्मलं, तिला आपणच झाकून ठेवलं तर गाणं दाखवायचं तरी कशासाठी?

वेळापत्रक शहरातल्या रेडिओचं उचलू नका. पहाटे पाचला आमच्याकडे ओव्या आणि वासुदेव असतो, सहानंतर अभंग-गवळणी, दुपारी एक ते तीन आराधी आणि पंचमीची गाणी, कारण त्या वेळी बाया जेवण-विसाव्याला बसलेल्या असतात. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळेला दुसरं काही लावलं तर म्हातारी माणसं फोन करून रागावतात. रात्री नवानंतर भारूड, शाहिरी, कव्वाली.

दसरा-दिवाळीनंतर आमचा श्रोता घर सोडतो. बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत. कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, टीव्ही नसतो, पण मोबाइल असतो. पहिल्या दोन वर्षांत आम्हाला हे लक्षातच आलं नव्हतं. मग एका रात्री दोनला एका ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला, की गाडी भरेपर्यंत उसाच्या फडात तुमचा रेडिओ लावतो, पण या वेळी तुम्ही नुसतं वाद्यसंगीत लावता, माणसाचा आवाज लावा. तेव्हापासून हंगामात मध्यरात्री ते पहाटे चार 'फडावरची रात्र' असा कार्यक्रम असतो. त्यात टोळीतल्याच लोकांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलेली गाणी लावतो. आवाज कच्चा असतो, वारा घुसलेला असतो, तरी लावतो. त्यांतून आम्हाला धारूर आणि वडवणीकडच्या दोन अशा गायिका मिळाल्या, की ज्यांच्याकडे आम्ही एरवी पोहोचलोच नसतो. हातात कोयता असलेली बाई सहा महिने घरी नसते, तर तिच्या गावी जाऊन ती भेटणार कशी?

वर्षाचं कॅलेंडर आपलं आपल्याकडे आहेच: होळीला लेंगी, फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी, 14 एप्रिलला भीमगीतं, आषाढात दिंड्या, नवरात्र, लातूर-धाराशिवकडची येळवस (वेळ अमावस्या), लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा. यात्रेला नुसतं थेट प्रक्षेपण करायला जाऊ नका, ओळखी करायला जा. माळेगावात चार दिवसांत जेवढे वाघ्या-मुरळी भेटतात, तेवढे वर्षभर हिंडूनही भेटत नाहीत. तसंच हरिनाम सप्त्याचे फलक वाचा. गायनाचार्य, मृदंगाचार्य म्हणून त्यावर नावं असतात. आपल्या गावातल्या तरुण गळ्यांची तयार यादीच असते ती.

पैशाकडे येतो. रेकॉर्डिंगचं मानधन जाण्याआधी ठरवा आणि माणशी द्या. सुरुवातीला आम्ही म्होरक्याच्या हातात एकरकमी द्यायचो. नंतर कळलं, की झांज वाजवणाऱ्या दोन बायांपर्यंत त्यातला रुपयाही गेला नव्हता. आता माणशी 500 रुपये देतो. सगळ्यांना सारखे, गायक असो की टाळकरी. ऑनलाइन पैसे पाठवताना एक अडचण असते. खातं नातवाचं किंवा मुलाचं असतं आणि पैसे तिथेच राहतात. म्हातारीला देणार असाल तर रोख द्या, तिच्याच हातात द्या.

मानधन मात्र छोटी गोष्ट. कलावंताचं पोट चालतं ते सुपारीवर, म्हणजे कार्यक्रमाच्या बोलावण्यांवर. रेडिओवर गाणं लागल्यानंतर 'हे मंडळ गोंधळाला येईल का?' असे फोन येतात, तेव्हा खरा उपयोग सुरू होतो. आम्ही कलावंताचा नंबर रेडिओवर सांगत नाही, कारण एकदा एका गायिकेला त्यामुळे रात्री-अपरात्री त्रास झाला होता. फोन आमच्याकडे येतो, आम्ही विचारून जोडून देतो आणि मध्ये एक पैसा घेत नाही. ही गोष्ट लेखी ठेवा. दलाली सुरू झाली की विश्वास संपतो.

दुसरा उपयोग कागदाचा. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. तिच्या अर्जासोबत कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात, आणि जन्मभर गायलेल्या माणसाकडे तेच नसतात. ना फोटो, ना पत्रिका, ना प्रमाणपत्र. आम्ही प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर तारीख, ठिकाण, कार्यक्रमाचं नाव घालून सही-शिक्क्याचं पत्र देतो, फोटोसह. तुम्हीही पहिल्या दिवसापासून द्या. त्याला एक कागद आणि दहा मिनिटं लागतात, आणि त्या घरात तो कागद देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेला मी पाहिलाय.

हक्कांचा विषय नीट समजून घ्या. इंटरनेट रेडिओला एफएमसारखा तरंगलहरींचा परवाना लागत नाही, म्हणून काहीही लावायला आपण मोकळे, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. ओवी किंवा जुनं भारूड कुणाच्या मालकीचं नसलं, तरी कुणी केलेल्या ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर 60 वर्षं हक्क असतो. शाहिरानं स्वतः लिहिलेल्या गीतावर त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क असतो. गाणाऱ्याचा सादरकर्ता म्हणून हक्क 50 वर्षं असतो. प्रसारकांना कॉपीराइट कायद्यातल्या 31 ड या कलमानं ठरावीक दरात मिळणारा परवाना इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये म्हटलं आणि 2022 मध्ये खंडपीठानं ते कायम केलं. म्हणजे कंपन्यांच्या कॅसेटवरची गाणी लावायची तर परवानगी आणि पैसे दोन्ही लागतील. छोट्या रेडिओला ते झेपत नाही. आम्ही ती लावतच नाही, फक्त स्वतः रेकॉर्ड केलेलं किंवा गाणाऱ्यांनीच रेकॉर्ड करून पाठवलेलं लावतो. त्यामुळेच आमचा रेडिओ वेगळा राहिला.

परवानगी कागदावर घ्या आणि आवाजातही घ्या. सही करता न येणाऱ्या बाईला अंगठा मागण्यापेक्षा रेकॉर्डर चालू करून विचारा: गाणं रेडिओवर लावू का, संग्रहात ठेवू का, दुसऱ्या कुणाला दिलं तर चालेल का, नको वाटलं तर कधीही सांगाल ना? तिचं 'व्हय' आणि तिचं 'नाही' दोन्ही त्यात येतं. मालकी तुमच्याकडे लिहून घेऊ नका. आमच्या परवानगीत रेडिओला फक्त ऐकवण्याचा हक्क आहे. गाणं गाणाऱ्याचंच राहतं. आणि जे शाहीर, कवी स्वतः लिहितात त्यांना आयपीआरएसमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, नाव नोंदवायला मदत करा. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. हे आपल्याकडच्या बहुतेक भीमगीतकारांना कुणी सांगितलेलंच नाही.

तंत्राचा भाग सगळे आधी विचारतात, पण तो सोपा आहे. अझुराकास्ट किंवा आइसकास्ट ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, भाड्याच्या एका लहान सर्व्हरवर चालतात. ध्यानात ठेवायचं ते ऐकणाऱ्याच्या डेटाचं. 128 केबीपीएसला तासाला सुमारे 58 एमबी जातात, 48 ला सुमारे 22. डोंगरपट्ट्यात, वाडी-तांड्यावर नेटवर्क एकच काडी असतं, म्हणून एएसी प्लसमध्ये (कमी डेटात बरा आवाज देणारी पद्धत) 48 ची वाहिनी मुख्य ठेवा आणि 128 ची ज्यांना हवी त्यांच्यासाठी वेगळी. 48 ला दोनशे जण एकदम ऐकायला बसले तरी सर्व्हरला 10 एमबीपीएसच्या आतच लागतं. सगळ्या गाण्यांची पातळी एकसारखी करून घ्या, उणे 16 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास, नाहीतर ओवीनंतर हलगी लागली की ऐकणारा दचकतो. आणि मोबाइलच्या पडद्यावर गाण्याबरोबर कलावंताचं नाव आणि गाव दिसेल अशी नोंद प्रत्येक फाइलमध्ये भरा. निवेदन चुकलेल्या माणसाला ते तिथे वाचता येतं.

मूळ रेकॉर्डिंग कधीही एमपीथ्रीत ठेवू नका. डब्ल्यूएव्ही ठेवा, दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. आमची एक डिस्क चौथ्या वर्षी गेली. दुसरी माझ्या बहिणीकडे सेलूला होती म्हणून वाचलो. आणि एक प्रत कलावंताच्या घरी द्या, त्याच्या मोबाइलमध्ये वाजेल अशी. तो गेल्यावर त्या घरात तेवढाच आवाज उरतो.

तुम्ही अंबाजोगाईचे आहात, तर लांब जायची गरज नाही. योगेश्वरीच्या देवळात नवरात्रात आणि मार्गशीर्षातल्या उत्सवात येणाऱ्या आराधी बायांपासून सुरुवात करा. दासोपंतांच्या पदांची परंपरा तुमच्याच गावात आहे. ती पदं आज कोण कोणत्या चालीत म्हणतं, ते शोधा. पहिले सहा महिने एकच तालुका घ्या आणि चोवीस तासांचा रेडिओ काढू नका. रोज एक तास, पण त्यातलं प्रत्येक गाणं स्वतः जाऊन आणलेलं. चाळीस कलावंतांच्या नोंदी पूर्ण झाल्या की वेळ वाढवा. त्यातली पहिली नोंद शक्य असेल तर तुमच्या स्वतःच्या आजीची करा, म्हणजे माइकपुढे बसणाऱ्या माणसाला काय वाटतं ते घरातच कळेल.

रेकॉर्डर विकत घ्यायची घाई करू नका. माझ्याकडे एक जुना आहे, वाऱ्यासाठीचं केसाळ आवरण आणि दोन माइकसकट. परभणीला या, एक दिवस आमच्यासोबत रेकॉर्डिंगला चला आणि जाताना तो घेऊन जा. नवरात्र संपल्यावर परत केला तरी चालेल.